ठासणीची बंदूक आणि कोंकणचा पाऊस

घांटमाथ्यावरचा मनुष्य पावसाविषयीं बोलूं लागला म्हणजे कोंकणांतला मनुष्य गालांतल्या गालांत हंसतो. आम्ही देशावरचे. आमच्याकडे मृगाची वाट पाहण्यांत निम्मा जन्म जातो, आणि हस्ताच्या दोन सरी बऱ्या झाल्या कीं गांवोगांव समाधानाचे उद्गार निघतात. अशा माणसानें कोल्हापुराहून आजऱ्यावरून आंबोलीस यावें आणि पाऊस हा शब्द पुन्हां नव्यानें शिकावा. आंबोलीस वर्षाकांठीं ७००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. हें पाणी वाहून न जातां जागच्या जागीं सांठलें, तर दुमजली घर त्यांत छपरापर्यंत बुडेल!

२०२४ सालच्या भाद्रपद वद्यांत हा घांट उतरण्याचा योग आम्हांस आला. कुडाळजवळ कर्ली नदीच्या खोऱ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. लहानपणीं आजोळीं राहून तो आमच्या शाळेंत शिकला. पुढें वडिलोपार्जित शेतीची ओढ लागून आपल्या गांवीं परतला. दर दिवाळीस त्याचें पत्र येई, आणि प्रत्येक पत्रांत 'गुरुजी, एकदां कोंकणांत या' हें वाक्य असेच. सेवानिवृत्तीनंतर न जाण्याच्या सबबी संपल्या, म्हणून निघालों.

आंबोलीस गाडी थांबली तेव्हां दहा पावलांवरचें झाड दिसत नव्हतें. हिरण्यकेशीच्या उगमाचें दर्शन तेवढें घेतलें. येथून निघालेलें पाणी पूर्वेकडे वळून घटप्रभेच्या व कृष्णेच्या वाटेनें थेट बंगालच्या उपसागरास जातें, आणि थोडें पलीकडे कड्यावर पडलेला थेंब मात्र तासाभरांत कोंकणांत उतरतो. थेंबाथेंबाच्या नशिबांतला हा भेद आमच्यासारख्या भूगोल शिकविलेल्या माणसास पाहण्यासारखा वाटला. बरोबरच्या उतारूंचें लक्ष मात्र गरम भज्यांकडे होतें. दाणोलीस घांट संपला. सावंतवाडीस मोती तलावाच्या कांठीं घटकाभर बसलों, चितारआळींत नातवासाठीं लांखेच्या रंगाचीं लांकडी फळें घेतलीं, आणि दिवेलागणीच्या सुमारास मुक्कामास पोहोंचलों.

घर डोंगराच्या कुशींत, चिऱ्याचें व कौलारू. पुढें सारवलेलें खळें, आणि खळ्यापासून खालीं वहाळापर्यंत पायऱ्यांसारखे उतरत गेलेले भाताचे कुणगे. देशावर आपण ज्यास खाचर म्हणतों त्यालाच येथें कुणगा म्हणतात, आणि बांधास मेर. हळवें भात पिकत आलें होतें. गरवें अद्याप पोटरींत होतें. घरांत विद्यार्थी, त्याची पत्नी, दोन मुलें, आणि ऐंशीच्या घरांतले त्याचे चुलते. या चुलत्यांस सारें घर तात्या म्हणे. दुसऱ्या दिवसापासून आम्हीही तसेंच म्हणूं लागलों.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं शेत दाखवीत असतां विद्यार्थी एका कुणग्यापाशीं थांबला. तेथें भात असें उरलेंच नव्हतें. चिखल उकरलेला, लोंब्या चघळून टाकलेल्या, रोपें मुळांसकट लोळविलेलीं. "गुरुजी, हें तीन रात्रींचें काम," तो म्हणाला. "डुकरें खातात थोडें आणि नासतात फार. वहाळाकडचे आणखी दोन कुणगे गेले, तर यंदा घरच्यापुरता तांदूळही पुरावयाचा नाहीं." त्याच्या शब्दांत तक्रार नव्हती, पण शहरांत बसून 'वन्य पशु आणि मानव' या विषयावर निबंध लिहिणाऱ्यांनीं तो उकरलेला चिखल एकदां पाहून यावा, असें आमच्या मनांत आलें.

आम्हीं साहजिकच विचारलें, "मग उपाय काय?" त्यावर त्यानें माजघराच्या भिंतीवरची बंदूक दाखविली आणि खेदानें म्हणाला, "उपाय हा आहे. पण यंदा तो चालत नाहीं. बार उडतच नाहीं!"

वाचकांपैकीं बहुतेकांनीं ठासणीची बंदूक चित्रांतच पाहिली असेल. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मात्र ती आजही पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं परवान्यानें असते. १९५९ च्या शस्त्रकायद्यानें तिचा नांवानिशीं उल्लेख केला आहे: पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणाकरितां ठासणीची बंदूक मागणारास परवाना द्यावा, असें त्यांत कलम आहे. रानडुकराची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळें परवानगीवांचून करतां येत नाहीं. म्हणून हे लोक बहुधा नळींत छरे घालीत नाहींत. दारू आणि काथ्याचा बोळा ठासून नुसता आवाज करावयाचा, आणि कळप पळवून लावावयाचा. अर्थात् जिचा आवाजच होत नाहीं अशी बंदूक म्हणजे केवळ एक जड काठी होय.

हिची रचना समजावून घेतल्याखेरीज पुढील हकीगत नीट कळणार नाहीं, म्हणून दोन शब्द लिहितों. नळीच्या तोंडांतून आधीं दारू ओतावयाची, मग बोळा घालून गजानें ठासावयाचें. दारू बसली नळीच्या बुडाशीं. तिला बाहेरून आग पोंचवावयाची कशी, हाच सर्व प्रश्न. त्यासाठीं बुडाशीं एक बारीक छिद्र असतें. त्यास आपले जुने लोक 'कान' म्हणत. मौज अशी कीं शुक्रनीतींत नालिकेचें जें वर्णन आहे त्यांतही नळीच्या बुडाशीं कर्णच सांगितला आहे. (तो भाग अगदीं अर्वाचीन असावा असें अनेक विद्वान् मानतात, तेव्हां त्यावरून छाती फुगविण्याचें कारण नाहीं.) पूर्वीं कानावर रंजक घालून ती पेटत्या तोड्यानें पेटवीत, पुढें चकमकीचा गारगोटीचा घोडा आला, आणि त्याच्याही पुढें टोपी आली. टोपी म्हणजे तांब्याची, चण्याएवढी, आंत स्फोटक द्रव्याचा पातळ थर असलेली टिकली. कानाच्या जागीं पोलादाची एक लहानशी पोकळ बोंडी पेंचानें बसविलेली असते. तिच्यावर ही टोपी घालावयाची. चाप ओढला कीं घोडा टोपीवर आपटतो, टोपींतील द्रव्य भडकतें, आणि ज्वाळा बोंडीच्या सुईएवढ्या भोंकांतून शिरून दारूस जाऊन भिडते. बंदुका दुरुस्त करणारे लोक या बोंडीस इंग्रजी शब्दानें 'निपल' म्हणतात. संस्कृतांत 'चूचुक' हा शब्द तंतोतंत बसतो, पण तो बाजारांत चालावयाचा नाहीं. आम्ही आपली बोंडीच म्हणूं.

रायफल म्हणून जी म्हणतात तिच्या नळीच्या आंत पीळ पाडलेले असतात, आणि ही बंदूक आंतून गुळगुळीत असते. परंतु आग पोंचविण्याची युक्ति दोहोंत एकच. १८५७ सालीं जिच्या काडतुसांवरून एवढा अनर्थ माजला ती एनफील्ड रायफलही ठासणीचीच होती, आणि टोपीवरच चाले.

त्या रात्रीं आम्हीही हट्टानें मांगरांत गेलों. मांगर म्हणजे शेतांतली गवतानें शाकारलेली झोंपडी. पाऊस थांबून थांबून येत होता. काळोख असा कीं स्वतःचा हात दिसूं नये. तात्या कोपऱ्यांत घोंगडी पांघरून बसले होते. दहाच्या सुमारास वहाळाकडून चिखलांत चुबुकचुबुक असा आवाज आला, मग गुरगुर, मग रोपें मोडल्याची करकर. विद्यार्थी उभा राहिला, नळी आभाळाकडे धरून त्यानें चाप ओढला. टप्! टोपी फुटली, बार उडाला नाहीं. दुसरी टोपी चढविली. पुन्हां टप्! खालीं डुकरांचें जेवण स्वस्थपणें चाललें होतें. त्यानें तिसरी टोपी बसवून चाप ओढला. पुन्हां टप् एवढाच आवाज. वैतागून तो बंदूक खालीं घेऊन मांडीवर ठेवणार, इतक्यांत तात्या घोंगडी टाकून ओरडले, "नळी वर धर! खाली घेव नको!"

त्यानें नळी वर केली, आणि एखादा श्वास घेण्याइतका वेळ गेला असेल तोंच धडाम्! दिशा दणाणल्या. झोंपडींतल्या गवताच्या काड्या आमच्या डोक्यावर पडल्या. डुकरें पळालीं, त्यांच्याकडे कोणाचेंच लक्ष नव्हतें. विद्यार्थी बंदूक धरून तसाच उभा होता, आणि कंदिलाच्या उजेडांत त्याच्या हनुवटीस कंप सुटलेला आम्हांस दिसला. क्षणभर आधीं ती नळी त्याच्या तोंडासमोरून खालीं यावयाची होती. नळींत छरे नव्हते खरे. परंतु एवढ्या जवळून नुसता बोळा आणि आग एवढींच माणसाचें डोकें फोडावयास पुरेशीं होतात.

याला उशीरा उडालेला बार म्हणतात. टोपीची ज्वाळा दारूस धड भिडत नाहीं. वाटेंतली कांहीं ओलसर घाण किंवा चार दाणे धुमसत राहतात, आणि मग सावकाशीनें मुख्य दारू पेट घेते. म्हणून टोपी फुटूनही बार झाला नाहीं, तर नळी निर्धोक दिशेकडे रोखून निदान मिनिटभर तरी स्थिर राहावें, आणि मगच दुसरी टोपी घालावी. तात्यांचा नियम शंभर अंक मोजण्याचा आहे, आणि तो त्यांनीं त्या रात्रीं पुतण्याकडून मोठ्यानें म्हणवून घेतला. चाळिशीचा शेतकरी शाळकरी पोरासारखे अंक म्हणत होता. हंसावें असें मात्र आम्हांस वाटलें नाहीं.

सकाळीं पेज घेतांना चर्चा निघाली. विद्यार्थ्याचें मत असें कीं दोष हवेचा. दारू दमट झाली. नवी दारू आणली, टोप्यांची नवी डबी आणली, तरी गुण नाहीं. कोंकणचा पाऊसच असा! आम्हांसही तें पटण्यासारखें वाटत होतें, कारण बंदुकीच्या इतिहासांत पावसाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो आम्हीं तेथें थोडासा कथन केला.

चकमकीच्या बंदुकीचा मोठा दोष म्हणजे तिची रंजक उघड्या पात्रांत असे. वाऱ्यानें उडे, पावसानें भिजे, आणि पेटली तरी आधीं भपकन् उजेड होऊन मग बार उडे. स्कॉटलंडांत ॲबर्डीनशायरमध्यें बेलहेल्व्ही नांवाचें एक समुद्राकांठचें खेडें आहे. तेथील पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांस पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकेचा उजेड पाहून पक्षी सावध होतात आणि गोळी पोंचण्यापूर्वीं उडतात, हें पाहून ते गृहस्थ खटपटीस लागले. आणि आघातानें भडकणाऱ्या द्रव्याचा उपयोग करून त्यांनीं नवें कुलूप शोधून काढलें. त्याचें पेटंट १८०७ सालचें. तांब्याची टोपी पुढें दहा-पंधरा वर्षांनीं इतरांनीं प्रचारांत आणली. सरकारनें मात्र घाई केली नाहीं. १८३४ सालीं वुलिच येथें दोन्ही तऱ्हेच्या बंदुकींची परीक्षा झाली, तेव्हां ६००० बारांपैकीं चकमकीचे ९२२ बार फुकट गेले, आणि टोपीचे अवघे ३६! एवढें झाल्यावर तरी सर्व सैन्यास टोपीच्या बंदुका लगेच मिळाव्या कीं नाहीं? पण १८४१ च्या मे महिन्यांत, चीनमध्यें कँटन शहराबाहेर, ३७ व्या मद्रास पायदळाची एक तुकडी मुसळधार पावसांत मुख्य सैन्यापासून चुकली, तेव्हां तिच्या हातीं चकमकीच्याच बंदुका होत्या. रंजक भिजून एकही बंदूक धड चालेना. चहूंकडून हजारों लोकांनीं घेरलेलें, आणि हातांत केवळ संगिनी! त्या आमच्या दाक्षिणात्य शिपायांनीं चौकोन करून संगिनींवर कित्येक तास दम काढला. रात्रीं टोपीच्या बंदुका घेतलेले आरमारी सैनिक त्यांस शोधीत आले, आणि त्यांचे बार त्याच पावसांत उडाले. तेव्हां ती तुकडी वांचली.

तात्या हें सर्व लक्षपूर्वक ऐकत होते. पाद्र्याची हकीगत त्यांस विशेष आवडली. म्हणाले, "मगे तो पाद्री आमच्या कोकणातलोच म्हणूक होयो!" आणि मग पेजेची वाटी खालीं ठेवून, "पण गुरुजीनू, पावसाक दोष देव नका. ही बंदूक पावसान भिजली नाय, तेलान भिजली."

आम्ही चकित झालों. तात्यांनीं बंदूक खळ्यांत मागविली. नळी रिकामी आहे याची खात्री गज घालून केली: गजावर खूण केलेली असते; बुडापर्यंत गेला कीं खूण नळीच्या तोंडाशीं येते, आंत कांहीं असेल तर ती वर राहते. मग त्यांनीं किल्लीनें बोंडी फिरवून काढली व उजेडाकडे धरली. भोंकांतून उजेड दिसेना. दाभणाच्या टोंकाएवढी तार आंत घालून फिरविली, तेव्हां डांबरासारखा काळा, चिकट मळ बाहेर आला. तार बोंडीखालच्या वाटेंत घातली. तेथूनही तोच मळ. "हें काय?" म्हणून आम्हीं विचारलें. तेव्हां सर्व उलगडा झाला.

२०२४ च्या उन्हाळ्यांत लोकसभेची निवडणूक झाली. निवडणुकीच्या दिवसांत परवान्याच्या बंदुका पुष्कळदां पोलीस ठाण्यांत जमा कराव्या लागतात. तशी हीही जमा झाली, आणि परत हातीं आली ती पाऊस सुरू झाल्यावर. इतके दिवस बंदूक पडून राहणार, गंज चढेल, या काळजीनें आमच्या विद्यार्थ्यानें ती जमा करण्यापूर्वीं यंत्राचें तेल नळींत सढळ हातानें ओतलें होतें. काळजी योग्य, हात मात्र अंमळ सैल. तेल उन्हाळाभर हळूहळू बुडाकडे उतरलें, बोंडीच्या वाटेंत जाऊन बसलें, आणि परत आणल्यावर पहिला बार काढतांच बंदुकीच्या दारूची काजळी त्यांत कालवली जाऊन तिचें डांबर झालें. तेव्हांपासून दर बारास थर चढतच होता. नवी दारू ओतली कीं तिचे सर्वांत खालचे दाणे, म्हणजे ज्यांनीं आधीं पेट घ्यावयाचा तेच, त्या तेलांत भिजत. टोपी वर इमानानें फुटत होती, दारू आंत इमानानें वाट पाहत होती; मधली इंचभर वाट बंद होती. बोंडीच्या डोक्याची कडाही घोड्याचे रिकामे आघात खाऊन चेंबली होती, त्यामुळें टोपी पुरी खालीं बसत नसे. घोड्याचा पहिला घाव टोपीला बसविण्यांतच खर्ची पडे, आणि दुसऱ्या घावास ती फुटे. हा दुसरा दोष तात्यांनीं बोटाचें नख फिरवून ओळखला.

तेलाच्या जोडीला आणखी एक शत्रु असतो, आणि तो दर बारास नव्यानें जन्मतो. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा. ती जळली म्हणजे निम्म्याहून अधिक भाग धूर आणि राख होऊन मागें राहतो, आणि त्या राखेंत जो क्षार असतो तो मुख्यत्वें आपल्या वैद्यांचा यवक्षारच. यवक्षाराची पुडी पावसाळ्यांत उघडी टाकली तर तिचें काय होतें हें ज्याच्या घरीं आजीबाईचा बटवा असेल त्यास सांगावयास नको: हवेंतलें पाणी ओढून ती पाझरूं लागते. तीच गोष्ट नळीच्या बुडाशीं घडते. संध्याकाळीं बार काढून बंदूक न धुतां भिंतीवर टांगली, तर सकाळपर्यंत आंतली राख ओली होते, वाट बुजते, आणि लोखंड गंजूं लागतें. तेव्हां पावसाचा यांत कांहींच संबंध नाहीं असें नव्हे. पण तो वरून पडणाऱ्या पाण्याचा नसून हवेंतल्या पाण्याचा आहे.

आतां उपाय. आम्हांस वाटलें होतें कीं अशा कामास कांहीं खास औषध लागत असेल; लागलें तें चुलीवरचें गरम पाणी. जळक्या दारूची राख पाण्यांत सहज विरघळते, तेलांत नाहीं. तात्यांनीं नळी लांकडी दस्त्यापासून सोडविली, बुडाचा भाग कढत पाण्याच्या घमेल्यांत उभा धरला, गजाच्या टोंकाला चिंधी गुंडाळली आणि पंपासारखा वरखालीं चालविला. बोंडीच्या रिकाम्या भोंकांतून पाणी आंत ओढलें जाई व काळें होऊन बाहेर फेंकलें जाई. तेलाचा चिकटा पुरता सुटावा म्हणून पहिल्या पाण्यांत शिकेकाईची पूड टाकली होती. पांच पाणीं झालीं, तेव्हां सहावें स्वच्छ निघालें. कढत पाण्यानें लोखंड तापतें, आणि तापलेलें लोखंड आपोआप सुकतें. थंड पाण्यानें धुतल्यास आंत ओल राहून गंज धरतो. शेवटीं कोरड्या चिंध्या घातल्या, आणि सर्वांत शेवटीं खोबरेलाचा अगदीं पुसट हात. "तेल लावचा, पण घालूचा नाय," असें तात्या पुतण्याकडे पाहून म्हणाले. धुतल्यावर नळी तोंड खालीं करून टेकवून ठेवावी, म्हणजे उरलेलें तेल बुडाकडे न उतरतां तोंडाकडे येतें, हीही त्यांचीच सूचना. एवढी साधी गोष्ट, पण भिंतीवरची खुंटी मात्र आजपर्यंत बंदूक उलट धरीत होती!

चेंबलेल्या बोंडीचा प्रश्न तात्यांच्या डबींतून सुटला. त्या पितळी डबींत एक न वापरलेली बोंडी मेणांत जपून ठेवलेली होती. घोड्याची कमान सैल असती किंवा पेंचाचे आटे झिजले असते, तर तालुक्याच्या गांवीं परवाना असलेल्या कारागिराकडेच जावें लागलें असतें. तीं कामें घरीं करूं नयेत, आणि कायद्यानें करतांही येत नाहींत. नवी बोंडी बसवितांना आट्यांवर किंचित् मेण चोळलें, म्हणजे ती पुढच्या वेळीं निघण्यास अडत नाहीं.

मग परीक्षा. दारू न घालतां, रिकाम्या नळीचें तोंड खळ्यांतल्या एका सुक्या फणसाच्या पानाजवळ धरलें आणि नुसती टोपी फोडली. पान फडफडून हातभर दूर गेलें. वाट मोकळी आहे, टोपीचा श्वास बुडापासून तोंडापर्यंत पोंचला, हें याहून सोप्या रीतीनें कोणती प्रयोगशाळा सिद्ध करील? पान हललें नसतें तर दारू घालावयाचीच नव्हती. आणखी एक टोपी फोडली, ती राहिलासाहिला तेलाचा अंश जाळण्याकरितां. बार भरण्याच्या दिवशीं हें दरवेळीं करावें. विद्यार्थ्याच्या दोन्ही मुलांस हा खेळ फार आवडला. धाकट्यानें दुसरें पान शोधून आणलें, पण तात्यांनीं टोप्यांची डबी कंबरेस खोंचली.

त्या रात्रीं पाऊस आदल्या रात्रीहून अधिक होता. मांगरांत बार भरतांना आम्हीं नीट पाहून घेतलें. बोंडीवर टोपी नसतां घोडा अर्धा उचलून ठेवला, म्हणजे ठासतांना दबलेली हवा बोंडीच्या वाटेनें बाहेर पडते आणि जातां जातां दारूचे दोन दाणे त्या वाटेंत ओढते. मापानें दारू ओतून नळीच्या बाजूस तळहातानें दोन थापा दिल्या, त्याही त्याच हेतूनें. मग बोळा, मग गज. गज बाहेर काढून बाजूस ठेवला, खुणेकडे पाहिलें. टोपी सर्वांत शेवटीं, आणि ती बसल्यावर तिच्या कडेस मेणाची बारीक वात दाबली, पावसाचें पाणी शिरूं नये म्हणून. नळीचें तोंड या सर्व वेळांत एकाही माणसाकडे वळलें नाहीं. आदल्या रात्रीनंतर तें आम्हांस सांगावें लागलें नाहीं, पण आमचे डोळे तेंच पाहत होते.

अकरा वाजून गेले. पेंग येऊं लागली होती. तोंच वहाळाकडे तोच चुबुकचुबुक आवाज. विद्यार्थ्यानें तात्यांकडे पाहिलें. तात्यांनीं मान हलविली. घोडा पुरा चढला, नळी आभाळाकडे गेली. टप् आणि धडाम् हे दोन आवाज आम्हांस वेगळे ऐकूं आलेच नाहींत. एकच आवाज झाला, आणि तो डोंगरावर आपटून तीनदां परत आला. वाडींतलीं कुत्रीं एकदम भुंकूं लागलीं. खालीं चिखल उडवीत, वई मोडीत कळप रानांत शिरल्याचें ऐकूं आलें, आणि मग पुन्हां केवळ पाऊस. विद्यार्थ्यानें बंदूक तरीही खालीं घेतली नाहीं. तो कांहीं पुटपुटत होता. कान देऊन ऐकलें, तर अंक मोजीत होता. बार उडाल्यावर मोजण्याची गरज नव्हती, पण कोणीं त्यास थांबविलें नाहीं.

पहांटे उजाडतांच तिघेही कुणग्यांवर गेलों. मेरेच्या ओल्या मातींत खुरांचे ठसे वहाळापर्यंत येऊन उलट फिरलेले होते. वहाळाकडचे दोन्ही कुणगे उभे होते, लोंब्यांवरून पाणी ठिबकत होतें. घरीं परततांच तात्यांनीं पेजेच्याही आधीं चुलीवर मोठें भांडें भरून पाणी तापत ठेवावयास सांगितलें. बंदूक धुवावयाची होती.